पत्रकार व्हायचंय? पहिली बातमी आपल्याच तालुक्यात शोधा

पत्रकारितेत यायचं म्हणणारी मुलं पहिल्यांदा विचारतात, ‘कोर्स कुठला करू?’ पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावतीचं केंद्र आहे. प्रवेश मिळाला तर जरूर शिका. पण त्याची वाट बघत वर्ष घालवू नका. नोकरी मागायला जाल तेव्हा संपादक पदविका बघतीलच, पण जास्त वेळ तुमची कात्रणं चाळतील. ती आजपासून जमवता येतात.

रस्त्यावरच्या फलकापासून सुरुवात करा

गावाजवळ ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर त्याच्या तोंडाशी कामाचा फलक असतो. त्याचा फोटो काढा. लांबी, रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख हे सगळं वहीत उतरवा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत काम झाल्यावर ५ वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते. दोन पावसाळ्यांत रस्ता उखडला असेल, तर तुमच्या हाती बातमीचा धागा आला.

पण खड्ड्यांचा फोटो म्हणजे बातमी नव्हे. कागद मिळवा. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. कागदांची नावं लिहून मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक. मोजमाप पुस्तिकेला सगळे एमबी म्हणतात. कुठल्या थराची किती मीटर लांबी, किती रुंदी, किती जाडी, हे तिच्यात अभियंत्याच्या सहीनं लिहिलेलं असतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, कंटाळू नका.

एमबीची प्रत हातात आली की टेप घेऊन रस्त्यावर जा आणि गावातल्या दोघांसमोर रुंदी मोजा. मग ठेकेदार आणि उपअभियंता, दोघांचं म्हणणं घ्या. फोन उचलला नाही तर किती वाजता, किती वेळा केला ते वहीत टिपून ठेवा. बातमी आल्यावर कुणी नोटीस पाठवली तर तीच वही तुमच्या बाजूनं उभी राहते.

नाव दोनदा विचारा

मी वार्ताहर झालो त्याच्या तिसऱ्या महिन्यात एसटी आणि दुचाकीच्या अपघाताची बातमी फोनवर ऐकून दिली. गेलेल्या मुलाच्या जागी त्याच्या धाकट्या भावाचं नाव छापून आलं. दुसऱ्या दिवशी मुलाचा मामा घडी घातलेलं कात्रण घेऊन आला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, “धाकटा दारात बसलाय, अन् माणसं त्याच्याच नावाचा हार घेऊन येतायत.” तेव्हापासून नाव, वय, गाव मी कागदावर लिहून समोरच्याला दाखवतो आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदीशी ताडून बघतो. उशीर झाला तर होऊ दे.

काही नावं मात्र छापायचीच नसतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा, घरच्यांचा तपशील, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. ‘अमुक गावच्या सरपंचाची पुतणी’ एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कळतं.

दैनिकात शिरकाव

अशा तीन-चार बातम्या तयार झाल्या की दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात जा. दुपारी जा, संध्याकाळी पानं लागत असतात, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. बातमी अडीचशे शब्दांत, युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी. काय घडलं ते पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. ‘तालुक्यात गेल्या अनेक वर्षांपासून’ अशी सुरुवात उपसंपादक पहिल्या झटक्यात कापतो.

पैशांचं स्पष्ट बोला. तालुका वार्ताहराचं मानधन बहुतेक ठिकाणी तुटपुंजं असतं आणि त्याला जाहिरातींची अपेक्षा चिकटलेली असते. ज्या कार्यालयाची बातमी करता त्याच्याकडं वाढदिवसाची जाहिरात मागायला गेलात की पुढच्या वेळी प्रश्न विचारायला तोंड उरत नाही. शिकवणी घ्या, शेती करा, दुकान सांभाळा, पण सुरुवातीची दोन वर्षं पोटापाण्याची दुसरी सोय ठेवा.

पुढं जायचं तर एक विषय धरा: पीकविमा, सिंचन, आश्रमशाळा किंवा बाजार समिती. त्यातले शासन निर्णय मुळातून वाचत राहा. वर्षभरानं जिल्ह्यातले लोक त्या विषयासाठी तुम्हालाच फोन करू लागतात आणि शहरातल्या मोठ्या आवृत्तीचं दार बहुधा त्यातूनच उघडतं. मध्ये वर्षभर डेस्कवर काम मिळालं तर सोडू नका; दुसऱ्याच्या बातम्या दुरुस्त करताना स्वतःच्या चुका कळतात.

एकट्यानं धाडस करू नका. २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीसंबंधीची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. धमकी आली तर लेखी तक्रार द्या, संपादकांना कळवा, कागदांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

आणि बातमी आल्यावर महिन्याभरानं त्याच रस्त्यावर परत जा. खड्डे बुजवले असतील तर कशानं बुजवले, मुरूम टाकला की डांबर, ते बघा. पुढची बातमी तिथंच असते.