वर्गात फसवी लिंक ओळखायला कशी शिकवायची

पोरांना नुसतं "अनोळखी लिंक उघडू नका" सांगून भागत नाही, कारण फसवी लिंक बऱ्याचदा मित्राच्याच हॅक झालेल्या अकाउंटवरून येते. त्यापेक्षा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, माझीबँक डॉट बक्षीसआज डॉट कॉम, मग एक तिरकी रेघ आणि पुढे काहीही, आणि विचारा ही साइट कोणाची? बरेच जण बँकेची म्हणतील. मग त्या पहिल्या तिरक्या रेघेपासून उलटं वाचायला लावा, आधी कॉम, मग बक्षीसआज, म्हणजे मालक बक्षीसआजवाला, त्याच्या आधीचं माझीबँक तो स्वतःच्या मनाने काहीही लावू शकतो. को डॉट यूके सारखे दोन तुकड्यांचे शेवटही असतात, तिथे मालकाचं नाव 'को'च्या आधी असतं, तेही दाखवा.

साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह म्हणजे मधे कोणी वाचत नाही एवढंच, समोरचा प्रामाणिक आहे असं नाही. ओटीपी कोणालाच द्यायचा नाही.

आणि कोणी "सर, मी दाबलं" म्हणत आलं तर प्लीज ओरडू नका हो, ओरडलात की पुढच्या वेळी ते पोर लपवणार. आधी शांतपणे बसवा, मग दुसऱ्या डिव्हाइसवरून त्यालाच पासवर्ड बदलायला लावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय) चालू करून द्या.