घरासाठी चांगला गॅस ग्रिल घेताय? मग आधी जाळी हातात घेऊन बघा

गॅस ग्रिल बघायला गेलं की दुकानात आधी बर्नर किती ते सांगतात, मग झाकणावरचा थर्मामीटर दाखवतात, मग बाजूची फळी उघडून दाखवतात, आणि ज्यावर तुमचा बांगडा खरंच भाजला जाणार ती जाळी मात्र कोणी उचलून हातात देत नाही. मुंबईत तरी हा क्रम उलटा पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण इथे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात सगळ्यात आधी खराब होते ती जाळीच, आणि जाळी गेली की तीन बर्नर असोत नाहीतर सहा, मासा चिकटणारच आणि पनीर एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने पांढरंच राहणार.

आधी जागा आणि परवानगी

टेप घ्या आणि जिथे ग्रिल ठेवणार ती जागा मोजा. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत गॅस ग्रिल लावायचाच नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. धुराचं सोडा, पण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो त्यामुळे ते साठलेलं कळतही नाही. मोकळी टेरेस, बंगल्याचं अंगण किंवा सोसायटीची गच्ची, हेच पर्याय. गच्ची सगळ्यांची असते म्हणून सेक्रेटरींना आधी विचारा, लेखी परवानगी मिळाली तर उत्तमच. जिना आणि पाण्याच्या टाकीकडे जायची वाट मोकळी ठेवा, वर कपड्यांच्या दोऱ्या किंवा प्लास्टिकचं छप्पर नको. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, तर ग्रिलची पाठ वाऱ्याकडे येणार नाही अशी जागा बघा, कारण पाठीमागून वारा आत शिरला की गरम हवा पुढे नॉबकडे ढकलली जाते.

गॅस कुठला, हे ग्रिल बघायच्या आधी ठरवा

घरात सिलिंडर आहे की महानगर गॅसची पाइपलाइन? दोन्हीचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं भोकाचं तोंड, वेगळा असतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्याच आकारमानाला पाइपच्या गॅसपेक्षा साधारण अडीचपट उष्णता असते, त्यामुळे सिलिंडरसाठी जेटचं भोक बारीक असतं. सिलिंडरवाला ग्रिल तसाच पाइपला जोडला तर ज्योत मरतुकडी येते, आणि उलटं केलं तर ज्योत इतकी मोठी येते की ते सरळ धोक्याचंच. पाइपलाइनवरच चालवायचा असेल तर पॉइंट वाढवणं आणि जेट बदलणं हे गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, ओळखीतल्या प्लंबरकडून नाही.

परदेशातून कोणी ग्रिल आणून देणार असेल तर तो किती दाबासाठी बनवलाय ते पाठीमागच्या प्लेटवर बघा. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस देतो, ग्रिलही तेवढ्याच दाबाचा हवा. केटरिंगच्या भट्टीला लावतात तो हाय प्रेशर रेग्युलेटर घरच्या ग्रिलला कधीच लावू नका. नळी आयएसआय मार्कची केशरी सुरक्षा नळीच घ्या आणि पाच वर्षांत बदला.

घरी पाइपलाइन आहे पण ग्रिल गच्चीवर न्यायचाय अशांना 5 किलोचा छोटा सिलिंडर बरा पडतो. इंडियन ऑइल त्याला 'छोटू' म्हणतं. त्याला बसणारा रेग्युलेटर तिथूनच मागून घ्या, घरातला बसेल असं गृहीत धरू नका. सिलिंडर कायम उभा, आणि खाली नाली किंवा खड्डा नाही अशा जागी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जाऊन साठून राहतो.

किती मोठा?

चार-पाच जणांच्या घराला साधारण 18 बाय 16 इंचाची जाळी पुरते, दोन किंवा तीन बर्नर. एका बर्नरचा नको, कारण एक बाजू कडक गरम आणि एक बाजू मंद ठेवता आली पाहिजे, ग्रिलचं अर्धं काम तिथेच आहे. खोक्यावर बीटीयूचा, म्हणजे ग्रिल तासाला किती उष्णता देतो त्याचा, मोठा आकडा असतो त्याला भुलू नका, तो आकडा जाळीच्या क्षेत्रफळाने भागा. चौरस इंचाला 80 ते 100 बीटीयू आले की पुरे. आपल्या 288 चौरस इंचाला 25,000 बीटीयू म्हणजे साधारण 87, छान झालं. एवढा ग्रिल पूर्ण आचेवर तासाला अर्धा किलोपेक्षा थोडा जास्त गॅस खातो, म्हणजे 5 किलोचा सिलिंडर आठ-नऊ तास आणि 14.2 किलोचा पंचवीसेक तास, आणि पूर्ण आच सतत लागत नाही त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच चालतो.

झाकण जड आणि नीट बसणारं हवं. बर्नरवर जे तिरके पत्रे असतात ते जाड आहेत का तेही बघा. मसाल्याचं तेल त्या पत्र्यांवर पडून त्याचा धूर होतो आणि तोच परत मासळीला लागतो, गॅसवर भाजल्याची जी काही चव येते ती बरीचशी इथून. कोळशाची चव हवी असेल तर शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार द्या, आपल्याकडे ती पद्धत आहेच.

आता जाळी, इथे घाई करू नका

दुकानात जाळी काढायला सांगा आणि उचलून बघा. सळीची जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच लांबीत धातू चौपट होतो, त्यामुळे वर म्हटलेल्या मापाची 8 मिमी सळीची जाळी 4 किलोच्या वर भरते आणि 4 मिमीवाली दीड किलोच्या आसपास. हलक्या जाळीवर थंड चिकन ठेवलं की ती लगेच थंड पडते, मग मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी शिजत बसतं. जड जाळीने उष्णता धरून ठेवलेली असते, म्हणून टेकल्याबरोबर चर्र होऊन पट्टे उमटतात.

क्रोमचा मुलामा दिलेली चकचकीत तारेची जाळी स्वस्तात मिळते, ती सोडून द्या, मुलामा निघतो आणि आतून गंज येतो. इनॅमल चढवलेली जाळी सुरुवातीला फार छान वाटते, धुवायलाही सोपी, पण चिमटा आपटून एकदा टवका उडाला की तिथून पाणी आत शिरतं. आणि जस्ताचा थर दिलेली, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड जाळी हार्डवेअरच्या दुकानात कोणी कितीही आग्रहाने दिली तरी अन्नासाठी नाहीच, तापल्यावर जस्ताचा धूर येतो आणि तो विषारी असतो.

राहिल्या तीन. बिडाची जाळी भाजायला मला सगळ्यात आवडते, बिडाच्या तव्यावरच्या घावनाला जी खरपूस कड येते तसंच काम ती ग्रिलवर करते. पण तिला बिडाच्या तव्यासारखंच जपावं लागतं. धुतली की लगेच पुसायची, तापवायची, तेलाचा हात फिरवायचा. आपल्या मसाल्यांत कोकम, चिंच, लिंबू, दही असतं आणि आंबट गोष्टी बिडावरचा तेलाचा थर खातात, त्यामुळे आगळ लावलेली मासळी वरचेवर करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. जुलैमध्ये गच्चीवर बीड ठेवलं तर एका रात्रीत तांबूस होतं.

म्हणून मुंबईकरांना मी 304 ग्रेडच्या स्टीलची, भरीव सळीची जाळी सुचवेन. भरीव म्हणजे भरीव, पोकळ पाइपची नको. लोक चुंबक लावून बघतात, पण चुंबक एवढंच सांगतो की स्टील 430 सारखं चुंबकाला चिकटणारं आहे की नाही, 202 आणि 304 मधला फरक तो सांगत नाही, आणि 202 खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. वर्सोवा, दांडा, वरळी असं अगदी समुद्राला लागून घर असेल तर 316 चा भाव विचारून बघायला हरकत नाही, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठाला जास्त टिकतं.

तिसरी म्हणजे अॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, ज्या जुन्या जाळीवर किंवा तिच्या जागी बसतात. अॅल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता 304 स्टीलच्या दहापटीहून जास्त, त्यामुळे एका कोपऱ्यात करपलं आणि दुसऱ्यात कच्चं ही तक्रार बरीच कमी होते. ज्यांचा ग्रिल चांगला आहे पण आच सगळीकडे सारखी नाही त्यांनी नवीन ग्रिलच्या आधी याचा विचार करा. फक्त झाकण लावून पूर्ण आचेवर रिकामं तापत ठेवू नका, अॅल्युमिनियमला तेवढी उष्णता झेपत नाही.

जुन्याच ग्रिलला नवी जाळी करून घ्यायची असेल तर

सीपी टँक, खेतवाडी, कुंभारवाडा हा सगळा स्टीलच्या व्यापाऱ्यांचा भाग, तिथे सळी मिळते आणि फॅब्रिकेटरकडून जाळी वेल्ड करून घेता येते. जुनी जाळी नमुना म्हणून सोबत न्या. लांबी-रुंदी ग्रिलच्या आतल्या कडेपासून मोजा आणि दोन्ही दिशांना 5-6 मिमी कमी ठेवा, स्टील तापलं की वाढतं. दोन सळ्यांमध्ये 8 ते 10 मिमी अंतर ठेवलं तर मोठी कोळंबी खाली पडत नाही. अख्ख्या ग्रिलवर सपाट पत्रा बसवायचा मोह टाळा, पापलेटसाठी सपाट तवा हवाच असेल तर निम्म्या भागावरच ठेवा, वर जायला वाट नसली की गरम हवा नॉब आणि नळीकडे वळते.

पहिल्यांदा पेटवताना

जोडण्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवायचं नाही. वास आला तर सिलिंडर बंद करून 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. झाकण उघडं ठेवूनच पेटवा. मग झाकण लावून 10-15 मिनिटं तापू द्या आणि लादीपाव मधोमध कापून सगळ्या जाळीवर पसरा, मिनिटभराने उलटे करा, कुठे काळे पडलेत आणि कुठे पांढरे राहिलेत त्यावरून तुमच्या ग्रिलचा गरम कोपरा कुठला ते दिसेल. फोटो काढून ठेवा. त्या गरम कोपऱ्यात बांगडा, मंद बाजूला चिकनच्या तंगड्या, आणि चिकन आतून 74 अंश सेल्सिअसला पोचलंय का ते काट्याच्या थर्मामीटरने बघा.

तेल गरम जाळीवर ओतू नका, मासळीला लावा, आणि मासा स्वतःहून सुटेपर्यंत हलवू नका. साफ करायला तारेचा ब्रश नको, त्याची एखादी तार जाळीवर राहून खाण्यात जाऊ शकते. गरम जाळीवर अर्धा कांदा काट्याला टोचून घासा, बरंचसं निघतं.

पावसाळ्यात जाळी काढून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवा, सिलिंडर काढून टाका आणि ग्रिलवर कव्हर घाला, पण मधेमधे ऊन पडलं की कव्हर काढून हवा लागू द्या. ऑक्टोबरमध्ये परत लावताना बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांनी जाळं केलंय का ते बघा, ज्योत निळी येण्याऐवजी पिवळी आणि आळशी आली तर बहुतेक वेळा कारण तेच असतं, बाटली धुवायचा लांब ब्रश आतून फिरवला की नळी मोकळी होते.