सरपंचांनो, ग्रामसभेत बोलायचं कसं

ग्रामसभेत गोंधळ झाला की खापर विरोधकांवर फुटतं. खरं कारण बहुतेकदा साधं असतं: विषय लोकांना सभेतच पहिल्यांदा कळतो. नोटीस सात दिवस आधी लागते, पण फलकावरचा कागद वाचतो कोण? दवंडी द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर विषयपत्रिका टाईप करून टाका. कागदाचा फोटो टाकला तर अक्षर लागत नाही. ‘विकासकामांवर चर्चा’ असं मोघम लिहू नका. ‘वरच्या आळीला पाणी दिवसाआड का येतं’ असं लिहा, माणसं येतील.

कोरम, म्हणजे सभेला किमान हजर हवेत तेवढे मतदार: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा. तहकूब सभेला कोरमची अट नाही, म्हणून काही जण पहिली सभा मुद्दामच बारगळू देतात. ठराव होतो, पण काम सुरू झालं की अडवायला अख्खं गाव येतं.

आकडे वाचून दाखवू नका, हंड्यांत सांगा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच जणांच्या घराला 275, म्हणजे पंधरा लिटरचे सुमारे अठरा हंडे. मग फळ्यावर हिशोब मांडा. समजा वस्ती 1,200, तर गरज 66,000 लिटरची. मोटर तासाला 8,000 लिटर उपसते आणि तिला लागणारी थ्री फेज वीज सहाच तास असते, म्हणजे 48,000. ‘टाकी मोठी बांधा’ म्हणणाऱ्याला इथे आपोआप कळतं, की तूट टाकीची नाही, विजेची आहे.

ओरडणाऱ्याला मध्येच तोडू नका. त्याचं झालं की म्हणा, “अण्णा, तुमचं म्हणणं असं, की गटार तुंबून पाणी घरात येतं. बरोबर?” तो ‘हो’ म्हणाला की मगच उत्तर द्या. ‘बघू, करू’ नको. होणार असेल तर तारीख आणि काम कुणाकडे, ते सांगा. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा तेही.

ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेतले मुद्दे तुम्ही वाचू नका. मांडणाऱ्या ताईंच्याच हातात माईक द्या.

सभा उठण्याआधी प्रत्येक ठराव इतिवृत्तात लिहून मोठ्याने वाचून घ्या, आणि शेवटच्या ओळीखालची कोरी जागा आडवी रेघ मारून बंद करा. सह्या आधी आणि मजकूर मागून, असा संशय एकदा आला की पुढच्या सभेत कुणी सही करत नाही.