डिझेल इंजिन सकाळी उठत नाही आणि उठलं की धूर ओकतं? या चुका टाळा

डिसेंबर लागला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात पहाटे हा आवाज ठरलेला, सेल्फ मारतायत, मारतायत आणि ट्रॅक्टर काही उठायला तयार नाही. पारा पाच-सहा अंशांवर, द्राक्षाची फवारणी खोळंबलेली, ब्लोअर भरून उभा. मग कुणी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरतो, कुणी दुसरा ट्रॅक्टर आणून ओढायला लावतो, आणि इंजिन एकदाचं उठलं की अख्खं अंगण पांढऱ्या धुराने भरून जातं आणि डोळे चुरचुरतात. जीप, पिकअप, छोटा टेम्पो, जनरेटर, सगळीकडे हेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्टार्टिंगचा त्रास आणि धूर ही दोन वेगळी दुखणी समजू नका, बहुतेक वेळा ते एकच असतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा साधारण १६ ते २२ पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात नोझलने डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, हवा भरपूर आणि दाबात पाहिजे, डिझेल हवेशिवाय आलं पाहिजे आणि फवारा नीट पाहिजे. यातलं एक जरी कमी पडलं तर डिझेल अर्धवट जळतं किंवा जळतच नाही, थंड असताना त्याला आपण म्हणतो गाडी उठत नाही आणि चालू झाल्यावर म्हणतो गाडी धूर मारते.

सायलेन्सरकडे न बघता सेल्फ मारत राहणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. गाडी उठत नसेल तर एकाला सेल्फ मारायला सांगा आणि दुसऱ्याने फक्त सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. सेल्फ फिरतोय पण धुराचा टिपूसही नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये, मग टाकी, फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा म्हणजे एअर, स्टॉप केबल किंवा पंपाचा सोलेनॉइड यांच्याकडे बघायचं, बॅटरीला दोष देऊन उपयोग नाही. आणि सेल्फ मारताना पांढरा धूर भकाभक येतोय पण इंजिन उठत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे गरमी कमी आहे, सेल्फ हळू फिरतोय, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब गेलंय नाहीतर टायमिंग म्हणजे फवारा मारायची वेळ हललीये. एका मिनिटात अर्ध्या शंका बाद होतात आणि खर्च शून्य.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत बसलं की सेल्फची वाइंडिंग तापते, बॅटरी बसते आणि मग खरा दोष काय होता तेही कळत नाही, कारण आता बॅटरीच गेलेली असते.

नवीन बॅटरी घ्यायची घाई

सेल्फ जड फिरतोय म्हटल्यावर लोक थेट बॅटरी बदलतात. बॅटरी खराब असेलही, पण आधी साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १२.६ दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलीये असं समजा.

पण बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड असेल तर अर्थिंग तपासा, हे फार कमी लोक करतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस शेंड्यावर, म्हणजे टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही तर शिशाच्या शेंड्यावरच, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढा व्होल्टेज गंजलेल्या जोडणीत वाया चाललाय. ट्रॅक्टरवर खत आणि फवारणीच्या औषधांनी हे शेंडे हिरवे-पांढरे होऊन जातात, चासीला अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो. गरम पाणी, ब्रश, पॉलिश पेपर, वरून थोडं पेट्रोलियम जेली, बस. थंडीत इंजिन ऑइल घट्ट असतं आणि त्याच वेळी बॅटरीची ताकदही कमी झालेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात चालून गेलेली ही गंजकी जोडणी बरोबर डिसेंबरात दगा देते.

ऑइलचंही तसंच. जाडं ऑइल म्हणजे इंजिनाला चांगलं असं समजून लोक पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असताना २०डब्ल्यू-५० ओततात आणि मग सकाळी इंजिन फिरायलाच मागत नाही. पुस्तकात जो ग्रेड आहे तोच टाका.

डिझेल गळत नाही म्हणजे लाइन ठीक, असं मानणे

गाडी सकाळी एकदा उठते, चार-पाच सेकंद चालते, बंद पडते आणि मग कितीही सेल्फ मारा, खूप वेळाने परत धरते, पण दिवसभर मात्र काही त्रास नाही. हे ऐकलं की नव्वद टक्के लोक नोझल काढायला निघतात. अहो, थांबा. ही एअर घेतल्याची खूण आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ही ओढणारी बाजू असते, तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर टपकेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि फिल्टरमध्ये हवा जमते. गाडी तोंड वर करून चढावर लावली आणि टाकी अर्धी असली तर हे अजून लवकर होतं.

शोधायला सोपं आहे, फीड पंपाच्या आधी पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा, बुडबुडे दिसले की मागे मागे जायचं. तडकलेला रबरी पाइप, फिल्टर बदलताना जुनाच ठेवलेला ओ रिंग, हँड प्रायमरचा गळका दांडा, बँजो बोल्टखालचे परत परत वापरून चपटे झालेले तांब्याचे वायसर, नव्वद टक्के वेळा यातलंच काहीतरी सापडतं. वायसर नवीन टाकायचे, जास्त जोर लावून आवळायचं नाही.

एअर काढताना एक गोष्ट जीवावर बेतू शकते म्हणून ठळक सांगतो. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझलच्या पाइपची नट ढिली करून सेल्फ मारतात, ती पद्धत चालून गेली. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या नोझलना एकाच जाड दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, हे अजिबात करू नका. तिथे चालू इंजिनात रेलमध्ये १५००-२००० बारपर्यंत दाब असतो, बारीक फवारा कातडी फोडून आत शिरतो, जखम सुईएवढी दिसते पण बोट गमवायची वेळ येते. तसं काही झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

कॅनमधून, ड्रममधून डिझेल वापरणाऱ्यांनी पाण्याकडे लक्ष द्यावं. ड्रमच्या तळाशी पाणी साठतं, पावसाळ्यानंतर तर हमखास. फिल्टरखालचा वॉटर सेपरेटरचा स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा, तळाला पाणी वेगळं दिसतं. ड्रममधलं शेवटचं वीतभर डिझेल गाडीत ओतू नका.

ईथर, पेट्रोलचा बोळा आणि रॉकेल

ईथरचा स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोल हवेच्या तोंडातून दिलं की ते डिझेलच्या आधीच, पिस्टन वर येत असतानाच भडकतं. त्या दणक्याने रिंगा तुटतात, पिस्टन तडकतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनात थंडीत आतली हवा तापवणारा हिटर प्लग किंवा इनटेक हिटर आहे त्यात तर आत लाल झालेला हिटर असतो, म्हणजे स्फोटाची सगळी तयारी तुम्हीच केली. आणि एकदा रिंगा सैल झाल्या की कॉम्प्रेशन जातं, मग रोज सकाळी स्प्रेशिवाय इंजिन उठत नाही. इंजिनाला स्प्रेची सवय लागली असं गावात म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

हिटर प्लग असेल तर आधी तो बघा. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक असतो. वरची जोडपट्टी काढून मीटर ओमवर लावा, चांगला प्लग एक-दोन ओमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारातले दोन गेले तरी इंजिन कसंबसं उठतं, पण थरथरत आणि पांढरा धूर काढत, म्हणून लोक चालवून घेतात. डॅशवरचा हिटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं एवढं तरी करा. बऱ्याच ट्रॅक्टरना हिटर नसतोच, तिथे सेल्फचा वेग आणि कॉम्प्रेशन यावरच सगळं आहे.

रॉकेल टाकून डिझेल पातळ करणारे अजूनही भेटतात. आपल्याकडे त्याची गरजच नाही. हिवाळ्यात पंपावर येणाऱ्या डिझेलचा पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, भारतीय मानकाप्रमाणे जास्तीत जास्त ३ अंश असतो, निफाडच्या थंडीत ते गोठून बसत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल काढलं, अडचण तिथे होती. मात्र उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल थंडीत घट्ट होऊ शकतं, कारण उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १५ अंशांची आहे. ते उन्हाळ्यातच संपवा. रॉकेलने पंप आणि नोझलचं वंगण जातं, आणि भेसळ म्हणून गुन्हा आहे तो वेगळाच.

काळा धूर म्हणजे ताकद, हा गैरसमज

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, तुमच्या पैशाचं डिझेल. हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी हवेकडून सुरुवात करा. ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी सोयाबीन, मका मळणीच्या दिवसात रोज उघडून बघायला हवी, ऑइलखाली चिखल साचलेला असतो. ऑइल खुणेपर्यंतच भरा, वर भरलं तर ते इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन आपोआप रेस घेऊन सुटू शकतं, मग स्टॉप ओढूनही थांबत नाही. टर्बोच्या गाडीत अचानक पिकअप गेला आणि काळा धूर सुरू झाला तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटलाय का ते हात फिरवून बघा, तेलकट चीर सापडेल.

पंप वाढवून घेणं बंद करा. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं की दोन महिने मजा वाटते, पण सायलेन्सरचं तापमान वाढतं, ऑइल लवकर काळं होतं, पिस्टनचा माथा जळतो. आणि निळा धूर दिसला तर डिझेलशी त्याचा संबंध नाही, ते ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय.

बीएस ६ गाडीला जुन्या गाडीसारखं वागवणे

१ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस ६ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरमधली काजळी जाळायला आत साधारण ६०० अंशांची गरमी लागते, गावातल्या गावात पाच-दहा मिनिटं फिरवून ती येत नाही. डॅशवर डीपीएफचा दिवा लागला की हायवेला २० मिनिटं साठच्या आसपास एका लयीत चालवा, मध्येच बंद करू नका. ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. डीपीएफ काढून टाका, ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या झडपेला) पत्रा मारा असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, पत्रा मारला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत पण फुप्फुसात जातात.

अ‍ॅडब्लू ही तर शेतकऱ्यांनी खास लक्षात ठेवायची गोष्ट. धुरातले हेच नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं हे द्रव, त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. गोठ्यात पोतं आहे म्हणून शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकू नका. तो नीम कोटेड असतो, त्यातलं तेल आणि मळ इंजेक्टर आणि कॅटलिस्ट कायमचा चोक करतो. डिझेलच्या टाकीत चुकून अ‍ॅडब्लू गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी काढून धुवावी लागेल.

शेडमध्ये पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम करणे

नुसत्या आयडलवर डिझेल इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, तोवर डिझेल अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरतं. एक-दोन मिनिटं चालू ठेवा, टर्बोला ऑइल पोचू द्या, मग हलक्या लोडवर निघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. आणि आपल्याकडे शेडला लागून गोठा, गोठ्याला लागून पडवी, पडवीत पोरं झोपलेली. सायलेन्सरचं तोंड मोकळ्या बाजूला येईल असा ट्रॅक्टर रात्रीच उलटा लावून ठेवा, एवढं तरी आजपासून करता येईल.

पीयूसीलाही थंड इंजिन घेऊन जाऊ नका. बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस ४ ला ५०, आणि फुल रेस देऊन मोजतात. पंधरा-वीस मिनिटं चालवून जा, आदल्या दिवशी एअर फिल्टर बघा.

हे सगळं पाहूनही त्रास राहिला तर आधी टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या, कॉम्प्रेशनच नसेल तर नवीन नोझल टाकून पैसे पाण्यात. ते ठीक असेल तर नोझल बेंचवर लावून फवारा तुमच्यासमोर दाखवायला सांगा, धुक्यासारखा बारीक आणि चारी बाजूंनी सारखा पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. फिटरला देताना सांगा, गाडी किती तास उभी होती, सेल्फ मारताना धूर होता की नव्हता, कुठल्या रंगाचा, आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्या.