सरकारी कचेरीतल्या आजारपणाच्या रजांचे आकडे माहिती हक्काखाली कसे मागावेत

आजारपणाच्या रजांची माहिती मागणारे अर्ज बहुतेक वेळा 'वैयक्तिक माहिती' असा शेरा घेऊन परत येतात. मग अर्जदार खात्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याचा प्रश्न वाचला, तर जन माहिती अधिकाऱ्याला नकार देण्यावाचून दुसरी वाटच ठेवलेली नसते.

गोव्यात अर्ज लिहिण्याआधी पर्वरीच्या गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर जा. आमदारांच्या प्रश्नांना (एलएक्यू) खात्यांनी दिलेली उत्तरे तिथे असतात आणि कर्मचाऱ्यांचे आकडे पुष्कळदा जोडपत्रात सापडतात. कचेरीत किती माणसे आहेत, हे तर विचारूच नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली कर्मचाऱ्यांची यादी आणि मासिक वेतन प्रत्येक खात्याने स्वतःहून जाहीर करायचे असते.

मग एकच कचेरी निवडा. 'गोवा सरकारच्या सर्व खात्यांतील रजा' असा अर्ज म्हणजे शुल्काचे दहा रुपये पाण्यात. रजेचा हिशेब ज्याच्या-त्याच्या सेवापुस्तकात असतो आणि सेवापुस्तके त्या-त्या कचेरीच्या आस्थापना विभागाच्या कपाटात. नसलेला तक्ता तुमच्यासाठी बनवून देणे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे. कचेरी मात्र फार लहान नको. पाच माणसांच्या कचेरीत एकूण दिवस सांगितले, तरी कोण आजारी होते ते गावाला कळते, आणि त्याच कारणाने तुम्हाला नकार मिळतो.

आता प्रश्नाची भाषा. सगळे अडते ते इथे.

पहिले म्हणजे, नाव, हुद्दा आणि आजार या तीन गोष्टी अर्जात येता कामा नयेत. 'अमुक तलाठी गेल्या वर्षी किती दिवस आजारी होता' हे कुणी सांगणार नाही. गिरीश देशपांडे प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील नोंदी वैयक्तिक मानल्या आणि 2019 मध्ये वैद्यकीय नोंदींबाबतही तेच म्हटले. नोव्हेंबर 2025 पासून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारे कलम 8(1)(जे) आणखी आवळले गेले. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही त्यातली ओळ आता उरलेली नाही. जुन्या नमुन्यांत ती अजून फिरते. ती उतरवून काढाल तर अर्ज शिळा आहे हे अधिकारी पहिल्या नजरेत ओळखेल. कलम 8(2) मधला जनहिताचा दरवाजा उघडा आहे, पण 'मला संशय आहे' म्हणजे जनहित नव्हे.

दुसरी खोच फार कमी जणांना ठाऊक असते. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे 1972 चे रजा नियम लागू आहेत, आणि त्या नियमांत 'सिक लीव्ह' नावाची रजाच नाही. 'सिक लीव्ह किती?' असे विचारले की 'अशी नोंद उपलब्ध नाही' हे उत्तर खरेच असते. आजारी माणूस वैद्यकीय दाखल्यावर कम्युटेड (अर्धवेतनी रजा पूर्ण पगारात बदलून घेतलेली), अर्धवेतनी, अर्जित किंवा असाधारण (बिनपगारी) रजा घेतो. प्रत्येकीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

तिसरे, 'इतक्या रजा का मंजूर केल्या?' असे विचारू नका. 'का' या प्रश्नाचे उत्तर 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात दिला. पणजीतला प्रत्येक जुना अधिकारी तो तोंडपाठ सांगतो.

मजकूर साधारण असा असावा:

'1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात आपल्या कचेरीत वैद्यकीय दाखल्यावर मंजूर झालेल्या (अ) कम्युटेड, (आ) अर्धवेतनी, (इ) अर्जित व (ई) असाधारण रजेचे एकूण दिवस व कर्मचाऱ्यांची संख्या, नावांशिवाय, प्रकारवार द्यावी. असे संकलन नसल्यास याच काळातील रजा मंजुरी आदेशांच्या प्रती, नाव व इतर वैयक्तिक तपशील कलम 10 प्रमाणे झाकून द्याव्यात.'

दुसरे वाक्य गाळू नका. संकलन नाही म्हणून हात झटकायची वाट तेच बंद करते; कलम 10 म्हणजे न देण्याजोगा भाग झाकून उरलेला देण्याची तरतूद. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात, म्हणून काळ एका वर्षाचाच ठेवा.

अर्ज मराठीत चालतो, पण रजांची नावे नोंदवहीतल्यासारखीच लिहा. शुल्क खिडकीवर रोख भरून पावती आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. चुकीच्या कचेरीत गेलात, तर पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवणे त्यांचे काम. उत्तराला 30 दिवस. त्यानंतर पहिले अपील 30 दिवसांत, आणि तिथेही भागले नाही तर राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत.

आकडे हाती आले की लगेच बेरीज करू नका. कम्युटेड रजेच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी रजेच्या खात्यातून वजा होतात. माणूस 10 दिवस घरी होता, खात्यात 20 कमी झालेले दिसतात. म्हणून मंजूर दिवस मोजा, वजा झालेले नव्हेत. या रजांत मधले रविवार आणि सुट्ट्या धरलेल्या असतात, सीएलमध्ये (नैमित्तिक रजेत) धरत नाहीत. त्यामुळे दोन्ही एकत्र केल्या तर हिशेब बिघडतो. शिवाय एखाद्या दिवसाचा ताप बहुतेक वेळा सीएलमध्येच जिरतो. सीएलचा हिशेब वेगळ्या वहीत असतो आणि त्यात ताप आणि चतुर्थीची तयारी वेगळी काढता येत नाही.