एमएसआय इम्पोर्ट करताय? डिटेक्शन रूलवर थांबा

एंडपॉइंट मॅनेजमेंटमध्ये नव्यानं आलात की पहिलं काम बहुधा हेच मिळतं: हा इन्स्टॉलर घ्या आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये (ऑफिसातल्या मशीनवर सॉफ्टवेअर पाठवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चढवा. विझार्डला एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) दाखवली की नाव, इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या कमांड, प्रॉडक्ट कोड (सॉफ्टवेअरची ओळख सांगणारा कोड) सगळं आपोआप भरून येतं. एमएसआय फाइल मुळात रिलेशनल डेटाबेसच असते, त्यातली टेबलं वाचून कन्सोल रकाने भरतो. म्हणून घाबरू नका, इम्पोर्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल.

सोर्सचं थोडक्यात सांगतो. पाथ यूएनसी (\\सर्व्हर\शेअर असा नेटवर्कचा पत्ता) हवा आणि प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर हवा. एमएसआय ज्या फोल्डरात आहे तो अख्खा फोल्डर कंटेंट म्हणून डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर (मशीन जिथून फाइली उतरवतात तो सर्व्हर) जातो. शेजारी पडलेल्या जुन्या आयएसओसकट.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. सॉफ्टवेअर मशीनवर आहे की नाही हे ठरवणारा नियम म्हणजे डिटेक्शन रूल. विझार्ड त्यात प्रॉडक्ट कोड भरून देतो आणि आपण 'नेक्स्ट' दाबतो. क्लायंट, म्हणजे मशीनवरचा कॉन्फिगरेशन मॅनेजरचा एजंट, इन्स्टॉल करण्याआधी हा रूल तपासतो आणि इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा तपासतो. या दोन तपासण्यांवरच त्या मशीनचा रिपोर्ट ठरतो.

समजा सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होतं. मेजर अपग्रेडमध्ये प्रॉडक्ट कोड बदलतो, कायम राहतो तो अपग्रेड कोड. जुना कोड सापडला नाही की क्लायंटच्या लेखी सॉफ्टवेअर मशीनवर नाहीच. तो जुनी आवृत्ती पुन्हा चढवायला जातो, इन्स्टॉलर नवी आवृत्ती पाहून नकार देतो आणि तुमच्या हातात बहुतेक वेळा १६०३ (इन्स्टॉल फसल्याचा एरर कोड) येतो. उलटंही होतं. मायनर अपडेटमध्ये प्रॉडक्ट कोड तोच राहतो, मग नवं पॅकेज कुठेच इन्स्टॉल होत नाही आणि रिपोर्ट मात्र हिरवागार. मला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण कुणी तक्रारच करत नाही.

तिसरा प्रकार ईएक्सई रॅपरचा. बाहेरची ईएक्सई आतला इन्स्टॉलर सुरू करून देते आणि स्वतः लगेच संपते. क्लायंटचा अ‍ॅपएन्फोर्स लॉग (इन्स्टॉलची नोंद) उघडा: कमांड चालली, एक्झिट कोड शून्य, आणि लगेच खाली 'अ‍ॅप्लिकेशन नॉट डिस्कव्हर्ड'. थोड्या वेळानं मशीनवर जाऊन बघाल तर प्रोग्राम व्यवस्थित बसलेला. अशा वेळी कमांडमध्ये फेरफार करत बसू नका. आतला इन्स्टॉलर संपेपर्यंत थांबणारी स्क्रिप्ट लिहा.

उपाय अवघड नाही. एमएसआयच्या रूलमध्येच आवृत्तीची अट घालता येते, ती 'इतकी किंवा त्याहून मोठी' अशी ठेवा. सॉफ्टवेअर स्वतः अपडेट होत असेल तर प्रॉडक्ट कोड सोडा आणि मुख्य ईएक्सईची फाइल आवृत्ती तपासा. विंडोज इन्स्टॉलर आवृत्तीचे पहिले तीनच आकडे तुलनेत धरतो, त्यामुळे फक्त चौथा आकडा बदलणाऱ्या पॅकेजांना फाइलवरचा रूलच बरा. रजिस्ट्री वापरणार असाल तर ३२ बिटची खूण विसरू नका. ६४ बिट मशीनवर ती नोंद वाऊ-६४३२-नोडखाली असते.

इंटरनेटवरून सायलेंट स्विच (काही न विचारता इन्स्टॉल करणारे कमांडचे पर्याय) उचलून चिकटवणं मला अजिबात पसंत नाही. एकदा स्वतः इन्स्टॉलचा व्हर्बोज (सविस्तर) लॉग काढून वाचा. 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' म्हणणारा सीनियर मिळाला तर त्याचं ऐकून घ्या, पण शिकायला जो लॉग उघडून शेजारी बसतो त्याच्याकडे जा. असे लोक कमी असतात, पण असतात.

आणि टेस्टिंग स्वतःच्या अ‍ॅडमिन लॉगिनवर उरकू नका. क्लायंट बहुतेक पॅकेजं सिस्टम अकाउंटखाली चालवतो. तिथे तुमचा प्रोफाइल नसतो, मॅप केलेला ड्राइव्ह नसतो, आणि एखादा डायलॉग उघडला तर तो कुणाला दिसत नाही. इन्स्टॉल तसंच ताटकळत राहतं, डिफॉल्ट मुदत १२० मिनिटांची आहे. पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्या टूलनं सिस्टमचा प्रॉम्प्ट उघडा आणि तीच कमांड तिथे चालवा. ३०१० आला तर दचकू नका, इन्स्टॉल झालंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोडं थांबून पुन्हा बघा.