कामिकोची: कुठल्या थांब्यावर उतरायचं ते आधी ठरवा

कामिकोची ही जपानमधली उंचावरची डोंगरदरी. तिथे जायचं तर आदल्या रात्री जवळच्या मात्सुमोतो शहरात मुक्काम करा. टोकियोहून पहाटे निघून रात्री परत यायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनपासून मात्सुमोतोपर्यंत ‘आझुसा’ गाडीनेच अडीच तासांहून जास्त लागतात, पुढे डोंगरात पोचायला आणखी पावणेदोन. मग फिरणार कधी? आझुसाच्या सगळ्या जागा आरक्षित असतात. मोठ्या बॅगा मात्सुमोतो स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका.

पुढे शिन-शिमाशिमापर्यंत लोकल आणि तिथून बस. ही लोकल त्याच स्टेशनच्या ७ नंबर फलाटावरून सुटते आणि मध्ये वेगळं गेट लागत नाही. त्यामुळे जेआरने (जपान रेल्वेने) सुइका या प्रीपेड कार्डावर आलेले लोक तसेच पुढे जाऊन चढतात. पण ही लाइन दुसऱ्या खासगी कंपनीची आहे, सुइका किंवा जेआर पास तिथे चालत नाही. सरळ गेटबाहेर या आणि लोकल व बसचं एकत्रित कागदी तिकीट घ्या. बसची जागा जायची आणि यायची, दोन्ही वेळची, आधीच ऑनलाइन राखा. लोकलला अर्धा तास, बसला साधारण तास-सव्वा तास.

भाड्याची गाडी घेतली तरी ती आत नेता येत नाही. कामा बोगद्यापुढे खासगी वाहनांना बंदी आहे. मात्सुमोतोकडून आलात तर सावांदोला, ताकायामाकडून आलात तर हिरायूजवळच्या आकांदानाला गाडी लावा आणि शटल बस धरा.

आता खरी मेख. बहुतेक जण शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे बस टर्मिनलपर्यंत जातात, तिथून खाली ताइशो तळ्यापर्यंत चालतात आणि परतीची बस तळ्याजवळच पकडायला उभे राहतात. पण बस टर्मिनलवरच भरून निघते, मधल्या थांब्यावर बऱ्याचदा जागाच नसते. मग तासभर वाट तुडवत परत. म्हणून उलटं करा. जाताना ताइशो-इके (म्हणजे ताइशो तळं) थांब्यावरच उतरा. १९१५ साली याके-दाके ज्वालामुखीच्या उद्रेकाने आझुसा नदी अडली, त्यातून हे तळं झालं. सकाळी वारा नसताना त्यात होताका डोंगररांगेचं प्रतिबिंब दिसतं, दुपारी ते बहुधा मोडतं. तिथून नदीकाठाने वर कप्पा पुलाकडे निघा, तास-सव्वा तास लागतो. टर्मिनल पुलापासून पाच मिनिटांवर.

दम असेल तर पुलावरून म्योजिन तळ्यापर्यंत आणखी एक तास. एका काठाने जा, दुसऱ्या काठाने या. त्याही पुढच्या योकोओपर्यंत पुलापासून एका बाजूचे तीन तास, तो दिवसाच्या सहलीचा विषय नाही.

उतरल्याबरोबर टर्मिनलवरच्या नव्हे, तर ताइशो-इके थांब्यावरच्याच वेळापत्रकाचा फोटो घेणारे असतात. तो उपयोगाचा नाही. टर्मिनलची शेवटची बस घरूनच लिहून आणा. ती चुकली तर टॅक्सी मिळेलच असं नाही, आणि रात्री बोगद्याचं फाटकही बंद होतं.

उंची १५०० मीटर, ऑगस्टमध्येही जाकीट लागतं. कचरा आपला आपण परत आणायचा. माकडांना काही देऊ नका, अस्वलांसाठी पिशवीला घंटी बांधा. सोबा नूडल शाकाहारी दिसतात, पण रस्सा माशाचा असतो. न खाणाऱ्यांनी मात्सुमोतोतूनच उमेबोशीची ओनिगिरी (आंबट-खारट फळ भरलेला भाताचा गोळा) घेऊन जावी. १५ नोव्हेंबरनंतर कामिकोची बंद होतं, ते एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत.